काळ्या पिशवीतली ऊब

काल मुलाची ट्रेकची सॅक भरताना मी एक मोठी, कोरी काळी प्लॅस्टिकची पिशवी घडी करून तळाशी ठेवली. तिच्या उग्र वासाने मला थेट तुंगारेश्वरच्या डोंगरावर नेलं.

तेव्हा मी चौथीत होते. आम्ही मावशीबरोबर डोंगरावर गेलो होतो आणि पावसात भिजून माझी धाकटी बहीण मंजू पार काकडली होती. तिचे ओठ निळे पडले होते, तिला बोलताही येत नव्हतं. मावशी सातिवलीच्या एका गोडाऊनमध्ये कामाला होती. तिथून आणलेली अशीच एक पिशवी तिच्या झोळीत होती. तिने मंजूचा ओला फ्रॉक काढला, पिशवीला डोक्यापुरतं भोक पाडून ती तिला घातली आणि तिला घट्ट कवटाळून बसली.

थोड्या वेळाने मी पिशवीत हात घातला. आत चक्क ऊबदार होतं! मी वाकून आत बघू लागले.

"काय शोधतेस गं?" मावशीने विचारलं.

"मावशी, ही गरम कशाने झाली?"

"ऊब मंजूचीच आहे. पिशवी फक्त ती बाहेर जाऊ देत नाही."

मंजूने चिवडा मागितला, तेव्हा कुठे मावशी हसली. तिचे हात मात्र थरथरत होते. मला वाटलं, तिलाही थंडी वाजतेय. ती थरथर भीतीची होती, हे मला आई झाल्यावर कळलं.