विश्वासआजोबांची पूजा आम्ही का थांबवली

ईशा, निखिल,

मालतीआजीचा फोन आला ती रविवारची सकाळ होती. मी हिवाळ्याचे कोट बाहेर काढून त्यांचे खिसे तपासत होते. दर वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी मी हे काम करते, तुम्हाला ठाऊक आहे. मालती एवढंच म्हणाली, "सुमती, हे गेले गं. पहाटे." मी "येते" म्हणाले, फोन ठेवला आणि उरलेल्या दोन कोटांचे खिसे तपासून मगच निघाले. असं का केलं ते मला सांगता येणार नाही. हातातलं काम पुरं केल्याशिवाय उठायचं नाही ही सवय अशा वेळीसुद्धा सुटत नाही, एवढंच.

विश्वासआजोबांना जाऊन आता सात आठवडे झाले. गेल्या आठवड्यात पुण्याहून फोनवर ईशा, तू मला विचारलंस, "आजी, विश्वासआजोबा आधी आपल्या गणपतीची पूजा सांगायचे ना? मग त्यांनी का बंद केलं?" मी म्हणाले, लाइन नीट नाही, नंतर बोलू. लाइन अगदी नीट होती. उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. त्यांनी बंद केलं नव्हतं. आम्ही बंद करवलं, आणि त्यासाठीची ईमेल मी लिहिली होती.

आम्ही मिनेसोटात आलो तेव्हा सगळ्या शहरात मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. देऊळ नव्हतं, गुरुजी नव्हते. विश्वासभाऊजी नागपूरहून प्राणिशास्त्रात डॉक्टरेट करायला आलेले आणि पुढे सरकारच्या वन्यप्राणी खात्यात नोकरीला लागलेले. त्यांचे वडील याज्ञिकी करायचे, त्यामुळे भाऊजींना लहानपणापासून सगळं मुखोद्गत होतं. कुणाच्या नव्या घराची वास्तुशांत, कुणाची सत्यनारायणाची पूजा, तुमच्या बाबांची मुंज... सगळं त्यांनीच केलं. दक्षिणा म्हणून कुणी पाकीट पुढे केलं तर म्हणायचे, "ठेवा बाप्पा ते. पुरणपोळी असली तर बोला." आणि एकदा पूजा सुरू झाली की हाच थट्टेखोर माणूस असा काही स्वच्छ, शांत उच्चार करायचा, की ज्यांना एक अक्षर कळत नव्हतं तेही बोलणं थांबवायचे. इथले आमचे गणपती म्हणजे मला त्यांचा आवाजच आठवतो.

न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्याच्या पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. आणि तेव्हाच त्यांना अलास्काच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावरच्या कामासाठी बोलावणं आलं. त्या बेटावर पूर्वी बीव्हर, ते झाडं कुरतडून पाडणारे पाणप्राणी, नव्हते. कुणीतरी कातडीच्या धंद्यासाठी काही जोड्या नेऊन सोडल्या, धंदा बुडाला, माणसं निघून गेली आणि बीव्हर राहिले. तिथे त्यांना खाणारा लांडगा नाही. त्यांनी प्रत्येक ओढ्यावर फांद्यांचे आणि चिखलाचे बांध घातले. पाणी पसरलं, जुनी झाडं उभ्या उभ्या मुळाशी कुजली, आणि समुद्रातून अंडी घालायला ओढ्यात चढणाऱ्या माशांची वाट बंद झाली. बेट पूर्ववत करायचं तर बीव्हर काढायला हवेत, आणि तेही एकूण एक. भाऊजींनी उभा जन्म बीव्हरांच्या अभ्यासात घालवला होता. म्हणून तर त्यांना बोलावलं.

पुढच्या वर्षीच्या आपल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला ते तिकडून नुकतेच आले होते. मुलं त्यांच्याभोवती जमली होती, कारण ते दाढी वाढवून आले होते आणि त्यांच्याकडे बीव्हरचा एक पिवळाधमक दात होता. ईशा, तू सात वर्षांची होतीस. तू विचारलंस, "व्हॉट डू यू डू विथ देम, आजोबा? डू दे गो टू अ झू?" दुसरा कुणी असता तर हो म्हणाला असता. मी असते तर नक्कीच म्हणाले असते. पण मुलांशी खोटं बोलायचं नाही असा भाऊजींचा नियम होता. ते तुझ्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "नो, बेटा. वी किल देम. क्विकली, ॲज क्विकली ॲज वी कॅन." तू गाडीत घरी येईपर्यंत रडलीस. आणि पंधरा दिवसांनी एका घरी सत्यनारायणाला त्यांनी तुझ्या हातावर प्रसाद ठेवला, तेव्हा तू हात मागे घेतलास. शिरा गालिच्यावर पडला. भाऊजींनी तो खाली वाकून बोटांनी वेचला आणि म्हणाले, "माझंच चुकलं, जास्त घातला."

ईशा, यात तुझा काडीचाही दोष नाही. सात वर्षांच्या मुलीनं हेच करायला हवं. पुढे जे झालं ते साठीच्या बाईनं केलं.

गणपतीच्या कामांची यादी तेव्हा माझ्याकडे असायची. कोण हार आणणार, कोण मोदक करणार, शाळेचा हॉल कोण उघडणार. आमच्या बेसमेंटमध्ये मीटिंग होती. समीर तेव्हा नुकताच कमिटीत आला होता. मुंबईचा, कंप्युटरमधला, चांगला मुलगा. त्यानं विषय काढला. "काकू, डोन्ट माइंड, पण काही लोकांना ऑकवर्ड होतंय. विश्वासकाका तिकडे जाऊन ट्रॅपिंग करतात. मग त्याच हातांनी प्राणप्रतिष्ठा..."

तुमचे आजोबा कोपऱ्यात खुर्च्या मोजत होते. ते तिथूनच म्हणाले, "आणि मागच्या शनिवारी तुझ्या ग्रिलवर काय होतं रे, भोपळा?"

सगळे हसले. समीरही हसला, पण म्हणाला, "काका, खाणं वेगळं आणि मारणं वेगळं ना यार."

आमच्यातल्या बहुतेकांना मनातून तेच वाटत होतं. मलाही वाटत होतं. माझ्या डोळ्यांसमोर गालिच्यावर पडलेला तो शिरा होता. मी म्हणाले, वाद नको, मी बघते. तुमचे आजोबा नंतर मला म्हणाले, "सुमती, निदान विश्वासला विचार तरी, तो तिथे काय करतो आणि का करतो." मी विचारलं नाही. मला यादी पुरी करायची होती.

मी भाऊजींना ईमेल लिहिली, तीही इंग्रजीत. वास्तविक आम्ही एकमेकांशी कधीच इंग्रजीत बोललो नव्हतो. पण मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. आपल्याला जे म्हणायचं नाही ते सभ्यपणे म्हणायला आम्हाला तिथे उत्तम शिकवलं होतं. मराठीत लिहायला घेतलं असतं तर दुसऱ्या ओळीला लाज वाटून मी थांबले असते. मी लिहिलं, की इतकी वर्षं तुम्ही केलेल्या सेवेबद्दल मंडळ ऋणी आहे, आणि या वर्षीपासून तरुणांना संधी द्यावी असं ठरलं आहे. शुद्धलेखन दोनदा तपासलं आणि पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "वहिनी, काय करून राहिल्या? तुमची ईमेल मिळाली. मस्त झालं. मग मी पार्किंगचं पाहू का? मागच्या वर्षी फारच गोंधळ झाला होता."

आणि त्यांनी पार्किंगचं पाहिलं. त्या वर्षी आणि पुढची सगळी वर्षं, पिवळं जाकीट घालून हातवारे करत. आत समीर सोफ्याच्या उशीवर बसून सीडी लावून पूजा करायचा. पहिल्या वर्षी तो जानवं शोधत असतानाच सीडीतले गुरुजी पंचामृतापर्यंत पोचले होते. लोक खुसखुसत होते. भाऊजी मागच्या दाराशी उभे होते. ते खाली गालिच्याकडे बघत राहिले. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मग वाट्या मोजायला आत गेले.

त्यांच्या कामाबद्दल मी विचारलं ते फार उशिरा, तुम्ही पुण्याला राहायला गेलात त्या हिवाळ्यात. तुमची खोली रिकामी झाल्यावर मला घरात बसवत नव्हतं, म्हणून आम्ही त्यांच्याकडे वरचेवर जायला लागलो. एका दुपारी त्यांनी मला कंप्युटरवर फोटो दाखवले. आधी नुसती करडी, वाळलेली खोडं, पाण्यात उभी. मग तोच ओढा, बांध काढल्यानंतरचा, अरुंद आणि वाहता. मग त्यात लाल मासे, इतके दाटीवाटीनं की पाणी दिसत नव्हतं. मी विचारलं, "भाऊजी, तुम्ही कधी अंडं खाल्लं नाहीत. सापळा लावताना तुमचे हात थरथरत नाहीत?"

"थरथरतात ना वहिनी. तिकडं थंडी किती असते!"

मी हसले नाही, तेव्हा तेही थांबले. मग म्हणाले, की सगळ्यात वाईट असतो तो शेवटचा. एक जोडी जरी राहिली तरी काही वर्षांत सगळं पहिल्यासारखं होतं, म्हणजे आधी मारलेले सगळे फुकट मेले. म्हणून शेवटचा सापडेपर्यंत थांबता येत नाही. त्यांना दोन उन्हाळे तो सापडला नव्हता. मग एका ओढ्याच्या टोकाशी ताजी कुरतडलेली काडी दिसली. "एकटाच होता. आसपास कुणी नाही, मादी नाही, पिल्लू नाही. तरी एकट्यानं बांध घालून राहिला होता. रोज थोडा थोडा. आणि मी त्याचा बांध पाहिला वहिनी... फार सुरेख होता." त्यांनी फोटो बंद केले. "काम बरोबरच होतं. पुन्हा बोलावलं तर पुन्हा जाईन. पण बरं नाही वाटलं. ते वाटायलाही नको."

तेव्हा माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. ती ईमेल खोटी होती. तरुणांचा काही संबंध नव्हता. आम्हाला तुमच्या हातांची किळस आली होती, आणि आमच्या सगळ्यांमध्ये आपले हात काय करतात याचा विचार फक्त तुम्हीच केला होता... पण मालती चहा घेऊन आली, आणि तिच्यासमोर कसं बोलायचं म्हणून मी साखरेबद्दल काहीतरी बोलले. त्यानंतर दोन वर्षं मला अशी दुपार पुन्हा मिळाली नाही. खरं सांगायचं तर मी शोधली नाही.

या वर्षी ऑगस्टमध्ये ते हॉस्पिटलमध्ये दाखल झाले. गणपतीला चार दिवस होते. मी ठरवून गेले होते, घरी आरशासमोर दोन वाक्यं म्हणूनसुद्धा पाहिली होती. ते खूप वाळले होते, पण मला पाहून उठून बसले आणि पहिला प्रश्न केला, "यंदा हॉल तोच ना? मागची लेन बंद ठेवायला सांगा समीरला." मी म्हणाले, "भाऊजी, तुम्ही बरे व्हा. पुढच्या वर्षी पूजा तुम्हीच सांगायची."

ते माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "असं कसं? तरुणांना संधी द्यायची आहे ना?"

माझ्या ईमेलमधले शब्द. पाच वर्षांनी, मराठीत. त्यात टोमणा होता की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. असता तर बरं झालं असतं, मला पुढचं बोलायला सोपं गेलं असतं. इतक्यात नर्स आली आणि म्हणाली, वेळ संपली. मी त्यांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि घरी आले. आठवड्यात पुन्हा येऊन बोलू, असा हिशोब केला. गणपतीच्या गडबडीत आठवड्याचे तीन आठवडे झाले, आणि मग तो रविवार आला.

त्यांच्या अंत्यविधीला आता इथे झालेल्या देवळातले गुरुजी आले होते. तेलुगू होते, तयारीचे होते. पण आमच्या घरांतलं प्रत्येक बरंवाईट ज्या आवाजात झालं होतं, तो त्या दिवशी नव्हता. समीर माझ्याशेजारी उभा होता. हळूच म्हणाला, "काकू, मला काकांकडून शिकायचं होतं. पण कसं विचारणार होतो?" मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तेराव्यानंतर मी मालतीकडे एकटी गेले आणि तिला सगळं सांगितलं. ईमेल, मीटिंग, शिरा, सगळं. मराठीत. ती उठली आणि म्हणाली, "खाली ये."

बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीनच्या वर एक दांडी आहे. तिच्यावर त्यांचं सोवळं वाळत घातलेलं होतं, तांबडं, रेशमी, एका बाजूनं विरलेलं.

"दर वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी हातानं धुवायचे," मालती म्हणाली. "मी म्हणायचे, अहो, तुम्हाला पूजेला बोलावलंय कुणी? तर म्हणायचे, आणि ती सीडी अडकली तर? ऐन वेळी लोकांनी काय करायचं? मग गाडीत मागच्या सीटवर ठेवायचे. रात्री तसंच परत आणायचे."

मी विचारलं, "आणि यंदा?"

"यंदा मी धुतलं. हॉस्पिटलमधून फोन करून सांगितलं त्यांनी."

गणपती होऊन तेव्हा महिना उलटला होता. ते कधीच वाळलं होतं. मालतीनं त्याची घडी घातली नव्हती. मला कुठलंही कापड पसरलेलं दिसलं की हात आपोआप पुढे जातो, तसा गेला... आणि मग मी तो मागे घेतला.

तुमची,
आजी