शॅकमध्ये मावलं पाहिजे

उत्तर अल्बर्टातल्या तेलविहिरींवर ऑपरेटर म्हणून राबणाऱ्या व्हर्ना कोस्तिउकचा राग सगळ्यांच्या ओळखीचा होता. तिची पिकअप आत वळली की माणसं हातातली कॉफी खाली ठेवत.

त्या हिवाळ्यात ती एका नळीवर भडकली. टाक्यांतून सुटणारा वायू वारा फिरला की थेट तिच्या बापाच्या घरात शिरे, आणि म्हातारा मेट्रो आधीच धापा टाकणारा. त्यावर उपाय म्हणून कंपनीने टाक्यांजवळच्या शॅकमध्ये, म्हणजे हीटर लावलेल्या खोपटात, शोषक बसवला होता. बारीक तोंडातून जोराचा वायू सोडायचा, त्याच्या ओढीने टाकीतला वायू नळीत खेचला जाणार आणि दोन्ही मिसळून पुढे जाळायला जाणार. फिरणारा एकही भाग नाही, म्हणजे बिघडायलाही काही नाही. तरी मेला ओढत नव्हता.

मेट्रोला आडवं पडलं की श्वास पुरेना; तो खुर्चीतच झोपू लागला. तिने नेलेली पेरोगी, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, त्याने बाजूला सारली. सगळ्याला कुजक्या अंड्याचा वास येतो म्हणाला.

व्हर्नाने आधी इंजिनिअरला फोनवर धुतलं, मग वर्कशॉपमध्ये नळी बनवणाऱ्या क्लिफर्डवर चालून गेली. त्याने शांतपणे मापं दाखवली. तोंड बरोबर होतं, नळीचा अरुंद गळाही बरोबर, दोघांतलं अंतरसुद्धा.

"नळी आखूड आहे. दोन्ही वायू नीट मिसळायच्या आत संपते. मग ओढ कुठून येणार?"

"कापली कोणी?"

"तूच, व्हर्ना. शॅकमध्ये मावलं पाहिजे म्हणालीस. मी नको म्हणत होतो, तर फोन आपटलास."

चोराच्या उलट्या बोंबा, त्याही स्वतःच्याच नावाने. हीटरच्या शॅकबाहेर ठेवलेलं सगळं गोठतं, हे या मुलखात आईच्या दुधाबरोबर पाजतात. तिच्या जागी दुसरं कोणीही हेच म्हणालं असतं. पण दुसऱ्या कोणाचा बाप त्या वाऱ्याच्या वाटेत राहत नव्हता.

लांब नळी आली, तेव्हा वायू बंद करून तिने शॅकची भिंत स्वतः कापली. बाहेर आलेल्या नळीला गरम ठेवणारी तार आणि जाड आवरण गुंडाळताना तिची बोटं फुटली. हातमोजे खिशातच होते.

आठवड्याने मेट्रो पलंगावर आडवा झोपून उठला आणि पेरोगी मागून खाल्ली.

"ज्याने घाण केली तो सापडला का, पोरी?"

"सापडला, तातो."

"चांगल्या शिव्या घातल्यास ना?"

"अजून घालतेय," व्हर्ना म्हणाली.