माझ्या बोटाचा डबा

आमचे भावजी कुणाशी बोलायला लागले की आधी त्याच्या हाताकडे बघत. भविष्य सांगायला नव्हे. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हा हात किती भरेल, याचा त्यांच्या मनात हिशेब चाललेला असे. माझे धाकटे दीर, धंदा सोनाराचा, पण सिरसाळ्यात आणि आजूबाजूच्या खेड्यांत त्यांना सगळे ‘इंजनसोनार’ म्हणत. परळीला आगगाडी आली, भावजी ती बघायला गेले, आणि तिथून पुरते असे घरी परत आलेच नाहीत. देह आमच्या पडवीत शेगडीपुढं, जीव परळीच्या टेसनात.

बघून आल्याला आठ दिवस झाले. मग एका सकाळी त्यांनी पितळेचा पत्रा कातरायला घेतला आणि जाहीर केलं, की आता ही गाडी घरी बांधायची. खेळणं म्हटलेलं त्यांना खपत नसे. त्यांची रीत पक्की होती. खऱ्या गाडीत एक हात भरला, की आपल्या गाडीत एक बोट धरायचं. चोवीस बोटांचा एक हात होतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक, म्हणून चाक असो, फळी असो, सगळं त्या एकाच हिशेबात बसे. परळीच्या बाजारच्या दिवशी ते जात आणि रुईच्या गाठी भरायला उभ्या असलेल्या मालडब्याला कोपर टेकवून टेकवून मोजत. बघे हसत. एकदा एक जण म्हणाला, “असंल की सोनारशेठ, साधारण सा हात.” भावजी त्याच्यावर तुटून पडले. “साधारण नगं सांगू बे. बोटं सांग!”

इंजिनाच्या पोटात माझं घंगाळ गेलं. बुडाला चीर पडलेली, हे खरं, पण घंगाळ माझ्या माहेरचं होतं आणि मला कुणी विचारलं नव्हतं. मी दोन दिवस त्यांना ताक वाढलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावून इंजिनाची टाकी दाखवली. तिच्यावर खिळ्यांची रांग होती, ठुशीचे मणी करतात तसा एकेक खिळा घडवून बसवलेला. डब्याला डबा जोडायची साखळी तर अशी, की माझ्या मंगळसूत्राचीही तेवढी नेटकी नव्हती, आणि तेही त्यांनीच घडवलेलं! घंगाळाचं इतकं चांगलं झालं नसतं, हे मला कबूल करावं लागलं. ताक सुरू झालं.

माझ्या मालकांना, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाला, हे सगळं डोक्यावरून पाणी वाटे. गिऱ्हाईक नथ घेऊन दारात उभं, आणि हा चाकाला कानस लावतोय. एकदा मालकांनी त्यांना चारचौघांत झापलं, तर भावजी मान वर न करता म्हणाले, “दादा, सोनं एखाद्या वक्ती हिणकस चालंल, माप हिणकस न्हाई चालायचं.” सोनाराच्या दुकानात असलं वाक्य! बसलेल्या बाईनं नथ पदरात बांधली आणि ती चालती झाली. दुसरा एक जण इंजिन हातात घेऊन विचारायला लागला, “शेठ, हे चालतंय का?” भावजी म्हणाले, “चालायचं इंजन परळीत हाय. हे बघायचं हाय.” त्यांना स्वतःच्या कामाबद्दल कधी शंका आली असेल, तर ती आमच्या घरात कुणाला दिसली नाही.

पण गाडी कशासाठी चालली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, विहिरीच्या पायऱ्यांवरून पडून खुब्यात अधू झालेल्या. बाजेवरून उठणं नाही, बैलगाडीचे हिसके सोसणं तर दूरच. त्यात डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. गावातल्या बायका परळीहून गाडी बघून येत आणि बाजेशी बसून वर्णनं करत. आत्याबाई ऐकून घेत आणि म्हणत, “समदे बघून आले. मी तेवढी ऱ्हायले.” त्या दिवसेंदिवस उतरत चालल्या होत्या. भावजींची बायको लग्नाच्या वर्षातच तापानं गेलेली, पुन्हा बोहल्यावर ते चढले नाहीत. त्यांचं जे काही होतं ते या आईपाशी होतं. ते म्हणाले, “माय, तुला गाडीकडं नेता येत न्हाई, तर गाडी तुझ्याकडं आणतो. डोळ्यांनी न्हाई तर हातानं बघ.”

इंजिन झालं, दोन मालडबे झाले. आत्याबाईंनी सगळं चाचपलं आणि विचारलं, “हे समदं खरं. पर बाया कुठं बसत्यात?”

इथं भावजी पहिल्यांदा अडले. जनाना डबा बाहेरून त्यांनी मोजलेला होता, बोटाबोटानं. आत मात्र पुरुषानं पाऊल टाकायची सोय नव्हती. गाडी परळीला येऊन थांबे, रिकामी उभी राही, तरी नाही. एकदा त्यांनी दारातून नुसतं डोकावलं, तर हमाल ओरडला, “ओ शेठ, किधर? जनाना है!” भावजींची मान शरमेनं खाली गेली, ती सिरसाळा येईपर्यंत वर आली नाही.

म्हणून मी गेले. मालकांना वैजनाथाचं दर्शन सांगितलं. दर्शनही घेतलं, खोटं कशाला बोलू? मग टेसनात भावजी लांब उभे राहिले आणि मी डब्यात चढले. लिहिता येत नव्हतं, म्हणून पदरात ज्वारीचे दाणे होते. बाकाला जितके हात भरले तितके दाणे एका गाठीत, उंचीचे दुसऱ्या गाठीत, खिडकीचे तिसऱ्या. आत बुरखा घातलेली एक बाई गाडी सुटायची वाट बघत बसली होती. बराच वेळ माझ्याकडे बघून ती म्हणाली, “क्या नापते जी? पर्दे सिलाते क्या?” मी सांगितलं, घरी म्हातारी सासू आहे, तिला दाखवायचंय. तर ती बाई उठली, तिनं आपलं गाठोडं बाकावरून उचललं, मला कोपर नीट टेकू दिलं आणि वर बोट दाखवून म्हणाली, “ये खुंटी नक्को भूलो, माँ. इस पे बुरखा टांगते.” ती खुंटी बाहेरून कुणाला जन्मात दिसली नसती.

भावजींनी माझे दाणे मोजले आणि झपाट्यानं बाकं घडवली. डाख लावून सांधली, घासली, आणि डब्यात बसवायला गेले, तर बाक आत जाईना. आडवं घाला, तिरकं घाला, नाही. चांगलं अर्धं बोट बाहेर. भावजी माझ्याकडे वळले. “वहिनी, तुमच्या मापानं डबा आतून मोठा अन् भायेरून ल्हान हाय. असला डबा बांधणारा अजून जन्मायचा हाय.”

मी काही ऐकून घेणारी नव्हते. “म्या बोटाच्या टोकाला कोपर लावून मोजलंय. दाणा इकडचा तिकडं झाला न्हाई. तुमचाच डबा चुकला असंल.”

“माझा?” ते असे म्हणाले, जणू मी सूर्य चुकला म्हटलं होतं.

आमची जुंपली, आणि मधेच बाजेवरून हसू आलं. आत्याबाई कितीतरी दिवसांनी हसत होत्या. “येडे का काय रे तुमी? कावून भांडता? मी जन्मभर कापड हातानं मोजून घेतलं. तिचा हात तुझ्यायेवढा हाय व्हय?”

भावजी माझ्या हाताकडे बघायला लागले. ज्या माणसानं गावातल्या प्रत्येकाचा हात नजरेनं मोजला, त्यानं घरात रोज भाकरी वाढणारा हात बघितला नव्हता. माझा हात आखूड, म्हणून हात जास्त भरले. आणि भावजींनी ते घडवले स्वतःच्या जाड बोटानं. मग त्यांनी एक पितळी पट्टी माझ्यापुढं ठेवली. “वहिनी, ह्यावर बोट ठेवा.” मी मधलं बोट ठेवलं. माझ्या बोटाला धक्का न लावता त्यांनी दोन्ही बाजूंनी सळईनं रेघ ओढली. त्या दोन रेघांच्या मापानं बाक पुन्हा घडलं, आणि डब्यात असं बसलं, की मध्ये केस शिरला नसता. भावजी मांडीवर थाप मारून म्हणाले, “ज्याचा हात, त्याचंच बोट! आजपास्नं हा डबा तुमच्या बोटाचा.”

डबा आत्याबाईंच्या मांडीवर ठेवला. त्यांनी खिडकीची झडप उघडली, आत बोट घातलं, बाक चाचपलं, मग वर काहीतरी लागलं. “ह्ये काय?” मी खुंटीचं सांगितलं. “मंग माझी पानाची चंची तिथंच अडकव,” त्या म्हणाल्या, “अन् मी ह्या खिडकीपशी बसते. त्या बुरखेवालीला म्हणावं, जरा सरक बाई.” मी त्यांच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंधीची चंची शिवली, माझ्याच बोटाच्या हिशेबानं, आणि सुईनं खुंटीला अडकवली. दुपारभर डबा त्यांच्या मांडीवर होता. त्याच उन्हाळ्यात त्या गेल्या. गाडी बघायची राहिली, हे मात्र त्या पुन्हा बोलल्या नाहीत.

भावजी पुढं काही वर्षांनी हिवतापानं गेले. तोवर पडवीतल्या फळीवर अख्खी गाडी उभी होती. माझ्या आयुष्यात इतका हट्टी आणि इतका निर्मळ माणूस दुसरा आला नाही, आणि त्यांच्यावाचून ती पडवी मला सोसवत नव्हती. मालकांना तर फळीकडे बघवत नव्हतं. सोनाराच्या घरात जुनं काही टिकत नाही, मोडतं आणि नवं होतं. त्यांनी कासाराला बोलावलं आणि सगळं पितळ मोडीत काढलं. इंजिन गेलं, मालडबे गेले. जनाना डबा तराजूत पडला तेव्हा मी परक्या माणसापुढं, डोक्यावरचा पदर तसाच धरून, पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. “त्यो ऱ्हाऊ द्या. त्यो माझ्या बोटाचा हाय.”

कासार हसला. मालक चिडले. “बोटाचा म्हंजी काय?”

“झडप उघडून बघा.”

त्यांनी डबा उचलून डोळ्याशी नेला. आत हिरव्या लुगड्याची चंची लोंबत होती. आईचं लुगडं लेकाला ओळखू येणार नाही, असं कसं होईल? बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. मग डबा माझ्या हातात दिला आणि कासाराला म्हणाले, “ह्यो न्हाई द्यायचा. ह्यात आमची माय बसलीय.”

आता माझी बोटं सांध्यांत सुजलीत, डब्याबरोबर जपलेल्या पट्टीवरच्या त्या दोन रेघांत मावत नाहीत. डबा मात्र अजून त्याच मापाचा आहे. दिवाळीला मी तो चिंचेनं घासते, आणि घासताना खिडकीची झडप उघडी ठेवते.