भुरीबाईच्या पाच पुरचुंड्या

महागावकडच्या तांड्यात भुरीबाईला कुणी काही सांगितलं, की ती मान तिरपी करून म्हणायची, "अजून एकदा सांग बरं." दुसऱ्यांदा बोलण्यात फरक पडला, की सांगणारा मेलाच!

सत्तावन्न सालच्या वैशाखात तिच्या सरकीवरच गदा आली. तीन हंगाम कपाशीची भरदार बोंडं निवडून तिनं ते बियाणं मडक्यात राखलं होतं. ग्रामसेवक सदाशिवराव त्यातले दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून घेऊन गेले. पाचव्या दिवशी परतले ते घसा खाकरतच.

"बाई, दहापैकी तीनच उगवले. शास्त्रीय चाचणी आहे ही. बियाणं बाद!"

नवरा नेमसिंग लगेच मडकं उचलून म्हशीकडे निघाला.

"ठेव खाली!" भुरीबाई कडाडली. "साहेब, अजून एकदा करा."

"अहो, एकदा सिद्ध झालं ना!"

"तुमी एकदाच आले असते, त मी तुमाले चोर समजली असती. चारदा आले म्हणून वळखलं."

पेरणीला अवकाश होता. तिनं मडक्याच्या वरून, मधून, तळातून दाणे काढले. लुगड्याच्या एकाच धडप्याचे तुकडे, एकाच लोट्याचं पाणी, वीस-वीस दाण्यांच्या पाच पुरचुंड्या. पाचव्या दिवशी सोडल्या तर मोड आलेले दाणे सोळा, सतरा, सहा, सोळा, सतरा.

नेमसिंग कुजबुजला, "थे सहावाली फेकून दे वं. साहेबाले काय समजते?"

"कायले? थेही माहीच आहे."

ती पुरचुंडी तळातल्या दाण्यांची. तिनं तळातलेच वीस दाणे पुन्हा बांधले. या खेपेला सतरा आले. मग तिला आधीचं फडकं आठवलं. चुलीजवळच्या खुंटीला टांगलेलं ते सोडतानाच करकरीत वाळलेलं होतं.

सदाशिवराव आले तसं तिनं सगळ्या पुरचुंड्या त्यांच्यापुढं मांडून विचारलं, "साहेब, तुमची पुरचुंडी कुठी होती?"

"सायकलच्या पिशवीत," ते ओशाळले. "गावोगाव फिरत होतो ना."

"या उन्हात? अजी, तुमी दाणे उगवले नाई, भाजले!"

नेमसिंग हसून हसून खाली बसला.

"पण पाच कशाला? दोनदा पुरलं असतं," सदाशिवराव म्हणाले.

"दोनात एक सोळा, एक सहा आलं असतं, त कोनाचं आयकलं असतं?"

सदाशिवरावांनी वही काढली आणि बियाण्यापुढचा 'बाद' शेरा खोडला.

मृगात पेरताना भुरीबाईनं विसातले चार मेलेले धरून मूठ जरा सैल सोडून दाणे जास्त टाकले. तासं ओळीनं दाट उगवली. जिथं दाणा न उगवून खाडे पडले, तिथं तिनं तूर लावली.