तुंबलेला संडास आणि सासूचा उपास

महागावात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत रुपालीचं घर आहे. नवरा संघदीप यवतमाळला कामाला, शनिवारी एसटीनं यायचा. बाकी दिवस घरात दोघीच, ती आणि सासू कौसल्याबाई. रुपाली साड्यांच्या दुकानात दिवसभर उभी राहून साड्या उलगडून दाखवायची. कौसल्याबाई घरी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायच्या, त्यामुळे चिंध्या घरभर.

एका सोमवारी सकाळी संडासात पाणी टाकलं, तर ते खाली जायच्या ऐवजी वरच आलं. सीट काठोकाठ भरली. दुकानाला उशीर होत होता. रुपाली तणतणत अंगणात आली.

"आई, संडासात चिंध्या टाकल्या न तुमी?"

कौसल्याबाई सुईत दोरा ओवत होत्या. "मी? नाही व."

"मंग कोनं टाकल्या? घरात दुसरं कोन हाये? तुमाले आजकाल काही ध्यानात राह्यते का?"

कुंपणापलीकडे शेजारच्या लालीबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी मान वळवली. कौसल्याबाई त्यांच्याकडे पाहून कसनुसं हसल्या आणि म्हणाल्या, "टाकली असन मंग. मले आठवून नाही राह्यलं."

"दोन दिवस लालीबाईकडं संडासाले जात जा," असं सांगून रुपाली दुकानात निघून गेली.

संध्याकाळी आली, तर सकाळची भाकर टोपल्यात तशीच. "भूक नाही," सासू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळीही चहा नको म्हणाल्या. खाटेवरून उठताना त्यांचा तोल गेला, चौकट धरली म्हणून पडल्या नाहीत. रुपालीनं पाण्याचा गिलास पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"पानी काहून नाही पेत तुमी?"

"पेलं का जा लागते, बाई. लालीबाईच्या दारात कोन्या तोंडानं जाऊ? थे म्हनन, हेच का थे बुढी, संडासात चिंध्या टाकनारी."

रुपालीनं बळेच त्यांना पाणी पाजलं, हात धरून लालीबाईंकडे नेऊन बसवलं आणि आज येत नाही म्हणून दुकानात फोन केला. लालीबाई म्हणाल्या, "कोनाले तरी बोलवून साफ करून घे न." तेवढ्यात कौसल्याबाईंचाच आवाज आला, "आपल्या घरची घान काढायले दुसऱ्याले कायले बोलवा?"

रुपालीनं दोन्ही हातांना पॉलिथिनच्या पिशव्या बांधल्या. सीटमधलं पाणी डब्यानं बादलीत काढलं. मग कपड्याचा सोडा आणि भांड्याचा साबण टाकून वरून गरम पाणी ओतलं. सीट तडकेल म्हणून उकळतं नाही, हाताला सोसेल एवढंच. थोडा वेळ थांबून पोछ्याच्या काठीचं टोक फडक्यानं जाड केलं, त्यावर प्लास्टिकची पिशवी सुतळीनं आवळून बांधली आणि ते भोकात घालून वर-खाली दाबत राहिली. पाणी गुडगुडलं, पण उतरलं नाही. शेवटी कपडे वाळवायची तार सोडून आणली, टोकाला आकडा वाकवला आणि हळूहळू आत सारली. काहीतरी अडकलं. तिनं जोर लावून ओढलं.

हिरव्या ओढणीचा लांबलचक तुकडा बाहेर आला. मागोमाग पाणी भसकन खाली गेलं.

ती तुकडा पाहतच राहिली. तो तिच्याच जुन्या ओढणीचा होता. संडासातला नळ गळायचा म्हणून तिनंच तो नळाला गुंडाळला होता. रविवारी संडास घासताना सोडून सीटच्या कडेला ठेवला आणि वरून घाईत बादलीभर पाणी ओतलं. गोधडीतली एकही चिंधी नव्हती.

आजूबाजूला कोणी नव्हतं. तिनं तुकडा काळ्या पिशवीत कोंबला, पिशवीला गाठही मारली. मग तशीच उकिडवी बसून राहिली. हात धुतले, पुन्हा धुतले, आणि शेजारच्या अंगणात गेली.

"आई, चिंधी तुमची नव्हती. माह्या ओढनीचा तुकडा होता. मीच पाडला." मग लालीबाईंकडे वळून म्हणाली, "काकू, तुमच्यासमोर मी आईले बोलली. माहं चुकलं."

कौसल्याबाई रागावतील, निदान रडतील, असं तिला वाटलं होतं. त्या पुढं सरकून म्हणाल्या, "म्हंजे मी नाही विसरली?"

"नाही, आई."

"खरं सांगून राह्यली न? माही बहीन अशीच आधी बारीकसारीक विसरे. मंग पोट्टे वळखू येनं बंद झालं तिले. रातभर मी आपल्या सगळ्या नातेवाईकाइचे नावं घोकून राह्यली व."

लालीबाईंनी चहा केला. कौसल्याबाईंनी तो बशीत ओतून फुर्र फुर्र प्यायला, आणखी मागितला. रुपालीच्या कपावर साय आली.

शनिवारी संघदीपलाही तिनं सगळं सांगितलं. त्यानं नळ तेवढा दुरुस्त केला. पण कौसल्याबाईंना एक सवय लागली, ती आजही आहे. आपल्याच घरात उठून जाताना त्या दाराशी थांबतात आणि विचारतात, "रुपाली, जाऊ का व संडासात?"

"जा न, आई. इचारता कायले?" रुपाली म्हणते, आणि तिची मान खाली जाते.