अंदमानची तयारी, शेततळ्यावर

राहात्यात माझं मेडिकलचं दुकान आहे. पोराला कुणीतरी धरलंय असं सांगत कुणी आलं तर मी आधी ताप बघायला लावतो. अमावास्या, उतारे, लिंबू-मिरची... आमच्या दुकानाला साधं लिंबूसुद्धा टांगलेलं नाही, शेजारचे टायरवाले त्यावरून मला कायम बोलतात. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून "काय थापा मारतात लेकाचे!" असं मी गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं म्हणायचो. आता तुमची पाळी, खुशाल हसा. फक्त पूर्ण वाचा. आणि आमची शोभा या ग्रुपवर नाही, म्हणूनच मी हे इथं लिहितोय.

शोभा म्हणजे माझी बायको. लग्नाला वीस-एक वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी तिला नेलंय कुठं? शिर्डी, जी आम्हाला रिक्षानं जाण्याइतकी जवळ. वणी. आणि एकदा महाबळेश्वर, तेही दुसऱ्याच दिवशी परत. दुकान बंद ठेवायचं म्हटलं की माझ्या जिवावर येतं. तर यंदा दिवाळीच्या सुमाराला आमच्या मुलीनं, ऋतुजानं, पुण्याहून एक व्हिडिओ पाठवला. अंदमानजवळच्या समुद्री अभयारण्याचा. खाली प्रवाळ, त्यातून फिरणारे पिवळे-निळे मासे, आणि पाणी असं की तळाची वाळू दिसावी. शोभानं तो व्हिडिओ भाकरी थापताना इतक्या वेळा बघितला की दोन-तीनदा तव्यावरची भाकरी करपली.

"अहो, खरंच असं असतं का हो खाली?"

"असेल. सरकार काय खोटं जपतंय होय?"

"मला बघायचंय. काचेच्या होडीतून नको. पाण्यात तोंड घालून बघायचंय."

मी तर चाटच पडलो. विहिरीत वाकून न बघणारी बाई ही! पण ठरलं. जानेवारीत जायचं. ऋतुजानं फोनवरून सगळी माहिती दिली... तिथं प्लास्टिक न्यायचं नाही, शिंपला उचलायचा नाही, प्रवाळावर पाय ठेवायचा नाही. शोभानं सगळे नियम पाठ केले आणि मलाच दम भरला, "तुमची ती सुपारीची पुडी घरी ठेवायची. तिथं थुंकलात तर मी ओळख दाखवणार नाही."

इथपर्यंत सगळं छान होतं. मग मी शहाणपणा केला.

म्हटलं, ही तिथं जाऊन पाण्यात किंचाळली म्हणजे? चार लोकांत हसं होईल. त्यापेक्षा आधी इथं सराव करू. मी ऑनलाइन तो डोळ्यांवरचा मास्क आणि तोंडातली नळी मागवली. आणि सरावाला जागा कुठली निवडली? शेततळं!

चितळी रोडला आमच्या चुलतभावाची, बाळूची, डाळिंबाची बाग आहे, तिच्या वरच्या अंगाला त्याचं शेततळं. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो... मोठा खोल खड्डा, भोवती मातीचा भराव आणि तारेची जाळी, उतरत्या भिंती, आणि आतून सगळीकडे काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. त्यावर शेवाळ धरतं. माणूस आत गेला तर पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही, पाय ठरतच नाही. म्हणून काठाला खांब रोवून त्याला कायम एक दोर बांधून पाण्यात सोडलेला असतो. बाळूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "नंदूदादा, वैनीला दोर सोडू देऊ नको बरं का. कागद लई वंगाळ हाय."

दोन-तीन दिवस सकाळी गेलो. शोभा उतारावर कमरेइतक्या पाण्यात बसायची, एका हातात दोर घट्ट, आणि तोंड बुडवायची. खाली काय, हिरवं पाणी आणि काळा कागद. तरी वर येऊन म्हणायची, "दिसतंय हो! माझा पाय दिसला!" मी काठावर. मला स्वतःला पोहता येत नाही हे सांगायचं राहिलंच. मास्तर कोरडे आणि विद्यार्थिनी पाण्यात.

आता मुद्द्याचं. हे घडलं त्याच्या आदल्या दिवशी निघताना बाळूनं पेरूचं एक क्रेट दिलं आणि तो खाली बागेत गेला. मोटरसायकलला बांधायला काही सापडेना. मी खांबाचा तो निळा नायलॉनचा दोर सोडला, क्रेट बांधलं आणि घरी आलो. म्हटलं, सकाळी यायचंच आहे, घेऊन येऊ. सकाळी दोर पडवीतच राहिला. शेततळ्यावर पोचलो, मोकळा खांब बघितला आणि मला झटकन आठवलं. मी विसरलो नव्हतो, हे नीट ऐका. मला आठवलं होतं.

"दोर कुठाय?" शोभानं विचारलं.

"बाळूनं नेला असेल पाण्याच्या मोटारीला. आज नुसती काठाला बसून तोंड बुडव. काय होतंय?"

परत घरी जायचा कंटाळा, आणि खरं सांगितलं तर ती बोलणार... एवढ्यासाठी मी बाळूवर ढकललं. ती बसली बिचारी. माझ्यावर विश्वास ठेवूनच बसली.

तेवढ्यात टूरवाल्याचा फोन आला. मी पाठ फिरवून चार पावलं बाजूला गेलो. बोटीच्या तिकिटांचं बोलणं झालं, मग सहज विचारलं, "बायकोला पोहता येत नाही, चालेल ना?" तो हसला. "अहो काका, जॅकेट असतं, गाईड हात धरून नेतो. पोहायची गरजच नाही." मी म्हणणार होतो, बघ शोभा, उगाच... आणि वळलो तर ती काठावर नव्हती.

पाण्यावर नळीचं टोक दिसलं, मग तेही नाही. एक हात आला, कागदावर फटकन आपटला, घसरला. मी ओरडलो का, मला आठवत नाही. उडी मारली नाही हे मात्र आठवतं. मी पळालो. दोर आणायला जाळीच्या आतल्याच मोटारीच्या खोलीकडे पळालो, आणि तिथं दोर नाही हे जगात मला एकट्यालाच नक्की ठाऊक होतं! खोलीत ठिबकची नळी होती, रिकाम्या गोण्या होत्या. मी नळीचा तुकडा ओढत परत आलो. सगळा दिवस त्या धावण्यात गेल्यासारखं वाटलं.

शोभा वर होती. भरावावर, तारेच्या जाळीला टेकून, खोकत होती. मास्क गळ्यात. साडी चिंब, आणि दोन्ही तळहात सोललेले, रक्त आलेलं.

माझ्याकडे बघून ती रडायलाच लागली. म्हणाली, "वाचवलंत हो. दोर सापडला तुम्हाला. पाण्यात दोर येताना दिसला मला, अगदी तोंडासमोर आला... किती जोरानं ओढलंत!"

माझ्या हातात ती ठिबकची नळी होती. मी ती मागच्या मागे टाकून दिली. हे मी का केलं, मला विचारू नका.

मी तिला धरून बसलो आणि भोवती बघत राहिलो. जाळीचं फाटक आम्ही आत येताना लावलेलं, तसंच कडी घातलेलं. कोरड्या मुरमावर पाणी सांडलेलं फक्त शोभाच्या जागी. दोर कुठंच नाही. खांबाला नाही, पाण्यात नाही, खाली बागेतही कुणी पळताना दिसेना.

मग काकू आली, बाळूची आई. ती खालच्या कांद्यात खुरपत होती, तिथून भराव दिसतो. धापा टाकत फाटकाशी आली, मी कडी काढली तशी तिनं शोभाला पोटाशी धरलं.

"मी बगितलं तुला दोर वढताना, नंदू," ती म्हणाली. "पाठमोरा हुतास. कसा वाकून वढत हुतास रं! माजा तर जीवच गेला. आन् सदरा कवा घातलास? उघडाच हुतास की."

मी निळा शर्ट घालून उभा होतो. इन केलेला. कोरडा.

"आत्ता घातला," मी म्हणालो.

काय माणूस आहे मी! म्हणजे दोन बायका मला एका गोष्टीचं श्रेय देत होत्या आणि मी शर्टाचीसुद्धा खोटी साक्ष दिली. काकूनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

घरी आल्यावर मी शोभाच्या तळहातांना औषध लावायला बसलो. जखमेत बारीक तपकिरी काड्या रुतल्या होत्या. चिमट्यानं काढल्या, तर काथ्याचे धागे! जाडजूड, जुन्या काथ्याचे. बाळूकडे, माझ्याकडे, आमच्या सगळ्या भावकीत मिळून काथ्याचा एवढा जाड दोर नाही. आणि वास... शोभाच म्हणाली, "कुठून उचललात तो दोर? किती घाण वास त्याला! बाजारात सुकटवाल्या बसतात तिकडून गेल्यासारखा." आमच्याकडे माळ आहे, घरात सुकट-बोंबील कधी आलेलं नाही. मी तिचे हात नाकाशी नेले. वास होता. डेटॉलच्या वर येत होता.

मी घाबरून ते धागे कापसात गुंडाळून संडासात टाकले आणि पाणी सोडलं. ठेवायला हवे होते, कळतंय आता.

मग पडवीत गेलो. निळा दोर पेरूच्या क्रेटभोवती तसाच होता, मी मारलेल्या गाठीसकट. वर धूळ. ओला असता ना, तरी मला बरं वाटलं असतं. निदान आपलाच दोर आपल्या माणसासाठी धावला असं म्हणता आलं असतं.

नंतर मी सगळी चौकशी केली. तुम्ही विचारणारच, म्हणून सांगतो. त्या तळ्यात कधी कुणी बुडालेलं नाही. बाळूनंच खोदलंय, तीन-चार उन्हाळ्यांपूर्वी, त्याआधी तिथं नुसतं मुरमाड रान. कुणाचं थडगं नाही, म्हसोबा नाही, काही नाही. रस्त्यानं जाणारा कुणी मदतीला आला म्हणावं तर फाटक आतून लावलेलं. आणि कुणी उघडा माणूस काथ्याचा दोर घेऊन चितळी रोडनं फिरतोय, आणि तो नेमका त्याच क्षणी... जाऊ दे. बाळूनं खांबाला नवा दोर बांधला. माझी त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. त्याला अजून वाटतं, त्याच्याच गड्यानं दोर नेला होता. त्या गड्याला त्यानं चांगलंच झापलं म्हणे.

शोभानं ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. ऋतुजाला, तिच्या माहेरी, आमच्या गल्लीतल्या बायकांना. माझे सासरे, जे माझ्याशी लग्नापासून मोजकंच बोलतात, त्यांनी फोन करून "जावईबापू, उपकार झाले" म्हटलं. दुकानात गिऱ्हाइकं विचारतात. मी म्हणतो, "त्यात काय एवढं." लोकांना वाटतं, केवढा साधा माणूस!

मी अंदमान रद्द करायला निघालो होतो. शोभाच ऐकेना. आधी विहिरीला भिणारी ती, आता म्हणते, मला पाण्याची भीतीच राहिली नाही, तुम्ही काठावर असलात की झालं. बॅग भरलीय. परवा तिनं माझ्यासाठी नवी अर्धी चड्डी आणली, होडीत घालायला.

ती चड्डी बघितली आणि मला राहवलं नाही. काल दुपारी जेवताना सांगून टाकलं. म्हटलं, "शोभा, दोर बाळूनं नव्हता नेला, मीच क्रेटला बांधून आणला होता. आणि त्या दिवशी तुला ओढणारा मी नव्हतो."

तिनं माझ्या पानात आमटी वाढली. "दोर तुम्ही आणला होता हे मला त्या दिवशी घरी आल्यावरच कळलं होतं. त्या क्रेटमधले पेरू काढले कुणी?" ती म्हणाली. "चुकलात, पण धावलात ना."

"धावलो, पण उलट दिशेला. ओढलं मी नाही, शपथ."

ती हसायला लागली. तिला वाटलं, अपराधी वाटतंय म्हणून हा स्वतःला आणखी खाली पाडून घेतोय. मग माझ्या दंडाला हात लावून तिनं विचारलं, "बरं, तुम्ही नव्हता. मग मला सांगा, मी जगावं म्हणून एवढा जीव तोडून दुसरं कोण ओढेल मला?"

तो जो कुणी होता, त्यानं ओढलं. मी जेवत राहिलो, आणि ती माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होती की मला मान वर करवली नाही.