सासऱ्यांचं वाचन

माझ्या सासऱ्यांइतकी पुस्तकं विकत घेऊन त्यांतलं एक अक्षरही न वाचणारा माणूस महाराष्ट्रात दुसरा सापडायचा नाही. लासलगावला कांद्याच्या लिलावात त्यांचा आवाज सुटला की ट्रॅक्टरसुद्धा आपोआप बंद पडतात, असं बाजारात म्हणतात. पण हेच गृहस्थ नाशिकला आमच्याकडे येतात ते थेट जुन्या पुस्तकांच्या दुकानातून, बगलेत लहान मुलांची चित्रांची पुस्तकं मारून. सगळी पिवळी पडलेली, कोपरे कुरतडलेली, त्यांच्या लहानपणची. मग सोफ्यावर मांडी ठोकून, मजकुरावर पंजा ठेवून तासन् तास नुसती चित्रं बघतात. नवी पुस्तकं त्यांना चालत नाहीत. मी एकदा हौसेनं एक चकचकीत पुस्तक आणलं, तर त्यातला ससा न्याहाळून म्हणाले, "जावईबापू, हा ससा कोणाला भ्यायलेला दिसत नाय. हा काय जगायचा नाय." मी मुलगी बघायला गेलो तेव्हाही पगाराच्या आधी त्यांनी विचारलं होतं, "लहानपणी कोणत्या चित्राला भ्यायचे?" विहिरीतून डोकावणारा एक राक्षस होता, असं मी सांगितलं आणि लग्न ठरलं. बायकोला हा निकष अजून मान्य नाही.

गेल्या दिवाळीत ते आमच्या चिऊला मांडीवर घेऊन एका करडाची गोष्ट सांगत होते. करडू आईचं न ऐकता नदीवर गेलं, पुरात वाहून गेलं, खालच्या गावाला काठाला लागलं आणि तिथल्या म्हातारीची बाजरी खात बसलं. चिऊला नुकतंच वाचता यायला लागलेलं. तिनं आजोबांचा पंजा सारला आणि ओळीवर बोट ठेवलं.

"आजोबा, इथं लिहिलंय, करडू बुडालं. तुम्ही खोटं सांगता!"

"छापणाऱ्याची चूक हे ती!" सासरे थेट लिलावाच्या आवाजात गरजले.

चिऊ हटेना. बघता बघता तिचे डोळे भरले. तेव्हा त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"माझ्या आईला वाचता येत नव्हतं गं. चित्रं बघून सांगायची. मी शाळेत जायला लागलो, ही गोष्ट वाचली, आन रडत तिच्याकडं गेलो. म्हटलं, आई, करडू तर मेलं."

"मग ती काय म्हणाली?"

"भाकरी थापत होती. म्हणाली, मला वाचता येत नाय ना बाबा, म्हणून वाचलं होतं ते."

चिऊला कळलं की नाही, कोण जाणे. सासरे मात्र बराच वेळ चित्रातल्या पाण्याकडे बघत राहिले.